उसवलेला तंग

लग्नाचे फोटो काढून कंटाळलेली भवानीनगरची प्रतिक्षा घोड्यांकडं वळली. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. बिऱ्हाड लादलेल्या तट्टांबरोबरच ती चालायला शिकली, त्यामुळं घोडा कान कधी पाडतो, कधी बिथरतो, हे तिला न सांगता कळायचं. स्वारांना ती पोझ द्यायला लावत नसे. गवतात बसून राहायची आणि घाम पुसणारा हात, आयाळीत बुडालेला चेहरा असलं काही टिपायची.

त्या सकाळी वडगाव निंबाळकरला बापूसाहेबांच्या माळावर त्यांची मुलगी राजनंदिनी नवी घोडी फिरवत होती. घोडी वळताना प्रतिक्षानं सहा-सात फोटो घेतले आणि सवयीनं एक मोठा करून पाहिला. खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याची, तंगाची, शिवण निम्मी उसवली होती.

"बापूसाहेब, तंग तुटायला आलाय. थांबवा तिला."

"कालच बघितलाय मी. तू तुझं फोटोचं बघ."

तिनं कॅमेरा त्यांच्या तोंडापुढं धरला. त्यांचा चेहरा उतरला. ते हाक मारणार, तोच तिनं त्यांचं मनगट धरलं.

"वरडू नगा! घोडी उधळंल."

तिकडं घोडीनं वेग घेतला होता. समोर पाण्याची चारी होती आणि राजनंदिनी तिच्यावरून घोडी उडवायच्या बेतात. प्रतिक्षा धावली नाही. हात खाली सोडून ती तिरकी चालत निघाली आणि वडील तट्टांना घालायचे तशी लांब, खालच्या सुरातली शीळ घातली. घोडीनं कान टवकारले. चाल मोडली.

"नंदे, लगाम हळू वढ. एका अंगाला झुकू नगंस."

"का? काय झालं, ताई?"

"सांगते. आदी थांब."

घोडी फुरफुरत जवळ आली. प्रतिक्षानं लगाम पकडला. "आता उतर. माझ्या खांद्याला धर."

राजनंदिनीचे पाय जमिनीला लागले आणि तंग तुटला. खोगीर गर्रकन पोटाखाली गेलं. घोडीनं गिरकी घेत लाथा झाडल्या. एक प्रतिक्षाच्या मांडीवर बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी बापूसाहेब पोचेपर्यंत तिनं लगाम सोडला नाही.

महिनाभर ती लंगडत होती. बापूसाहेब घरी आले, तिच्या वडिलांसमोर बसले.

"तात्याबा, तुमची पोरगी सांगत व्हती आन् मी ऐकत नव्हतो. चुकलं माझं."

तात्याबांनी चहा पुढं सरकवला.

राजनंदिनी दिवाळीपर्यंत घोडीवर बसली नाही. बसायचं ठरवलं त्या सकाळी तिनं प्रतिक्षाला फोन केला.

"ताई, येशील? नुसती जवळ उभी राहा."