ठाण्याच्या कचेरीतलं इध्नादुर

कचेरीत साहेब बदलला की किस्से साठतातच. आमच्या एका साहेबाच्या तर एकाच शब्दानं वर्षभराची बेगमी केली. त्याची आई आइसलंड नावाच्या बर्फाळ बेटावरची. तिच्या भाषेत कारागिरीला, हातच्या धंद्याला म्हणतात इध्नादुर. ठाण्यातलं इध्नादुर मुंबईच्या बड्या साहेबाला दाखवायचं, असा हुकूम निघाला. काम आमच्या शिरस्तेदार दामूअण्णांवर. जमलं नाही तर बदली शहापूरच्या रानात. इकडे नौपाड्यात अण्णांची बायको दम्यानं अंथरुणाला खिळलेली. अण्णांची झोपच उडाली.

*

आधी त्यांनी कोपरीच्या मिठागरावरच्या रामाला मीठ घेऊन आणलं.

"हे समुद्राचं. माणसानं केलेलं पाहिजे," साहेब म्हणाला.

"मंग मीठ भराय दर्यालाच बोलवा, सायेब," म्हणत रामा टोपली उचलून गेला.

*

मग सुके बोंबील आले. मासेमारी म्हणजे इध्नादुर नव्हे, असं साहेबानं सांगितलं.

"पण वाळवलेत माणसांनी," अण्णा हट्टाला पेटले.

साहेब दिवसभर विचारात. संध्याकाळी निकाल दिला, "वाळवणं चालेल. मासा नको."

मासा वगळून नुसतं वाळवणं कसं मांडायचं, यावर कचेरीत बराच खल झाला. कुणालाच काही उमगलं नाही.

*

मी भीतभीत विचारलं, "साहेब, आमची कारकुनी इध्नादुर का?"

"तुम्ही काय तयार करता?"

अण्णा हळूच म्हणाले, "उशीर."

*

शेवटी कल्याणचा कुंभार आणि ठाण्याचा सुतार पसंत पडले. बड्या साहेबासमोर काम करून दाखवायचं ठरलं. दिवस अण्णांनी निवडला. पंचांग बघून, अगदी शुभ. खंडेनवमी!

त्या दिवशी दोघांनी चाकाला, रंध्याला झेंडू वाहिले आणि हात जोडून बसले.

"आज हत्यार पुजायचं, चालवायचं नाही," कुंभार म्हणाला.

बडा साहेब फुलं बघून परत गेला. आमचा साहेब लालबुंद होऊन बदलीचा हुकूम लिहायला टेबलाशी आला. तिथं त्याच्या टाकावरही शिपायानं फूल ठेवलेलं. अण्णा दारात उभे, डोळे भरलेले.

साहेबानं टाकाकडे हात नेला, मागे घेतला. मग खण उघडून आईच्या लोकर विणायच्या दोन जुन्या सुया काढल्या, टाकाशेजारी ठेवल्या आणि अण्णांकडे वळला.

"कुंकू कोणत्या बोटानं लावायचं?"