खालच्या ओळी

इटलीचे सिनेमे आणि मालिका बाहेरच्या देशांतल्या रसिकांना सुचवणारा एक गट आहे इंटरनेटवर. मीही त्यात आहे. म्हणजे पोलाद कारखान्याच्या गावात, रिसालीत राहणारी, रोज दुर्गला नोकरीला जाणारी मी त्यांच्या हिशेबात परदेशातली रसिक. गट चालवणारी बाई इटलीतलीच आहे, आणि तिच्या शिफारशी वाचल्या की वाटतं, हिला एकदा आणून भर मे महिन्यात आमच्या मिलच्या गेटसमोर उभं करावं. लिंबाच्या बागा, समुद्राकाठची पांढरी घरं, संपता न संपणारी जेवणं. कोणत्या ऋतूत पाहा, एकट्यानं पाहा की दुकट्यानं, सोबत काय प्या, सगळं सांगते. खाली सबटायटल आहेत की नाहीत, एवढं एक सांगत नाही. ते तिला किरकोळ वाटतं. माझं सगळं नेमकं तिथंच अडलेलं असतं, कारण मी हे सिनेमे बाबांसोबत पाहते आणि बाबांना ऐकू येत नाही.

बाबा रोलिंग मिलमध्ये, लालबुंद पोलाद लाटतात तिथं, होते, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. तिथला आवाज मी एकदाच ऐकलाय, लहानपणी, घरच्यांना प्लांट दाखवतात तेव्हा. घरी येऊन रडले होते म्हणे. बाबांचे कान त्या आवाजात हळूहळू गेले आणि घरात कुणाला पत्ताही लागला नाही. लागणार कसा? सेक्टर सहामधल्या कंपनीच्या क्वार्टरांत आमच्या रांगेतली सगळीच घरं ओरडून बोलायची. बाबा ओरडायचे म्हणून आई ओरडायची, आई ओरडायची म्हणून आम्ही. नागपूरहून पाहुणे आले की त्यांना वाटायचं, यांच्याकडे रोजच भांडण आहे. मिलवाल्यांच्या घरात ऐकू येत नाही असं कुणी म्हणत नाही, जरा जोरात बोल म्हणतात. जोरात बोलून बोलूनही भागेना, तोवर बाबा रिटायर झाले होते, क्वार्टर सोडून आम्ही रिसालीत आलो होतो आणि आईही राहिली नव्हती. कानाचं मशीन आणलं. ते शिट्टी मारतं, आणि माणसाच्या आधी स्वयंपाकघरातली भांडी ऐकवतं. बाबांनी ते कपाटात ठेवून दिलं.

राहिला टीव्ही. हिंदी मालिकांतली माणसं नुसती तोंडं हलवतात आणि डोळे वटारतात. बाबा समोर बसून पेपर वाचायचे. एका संध्याकाळी मी माझ्यापुरता एक इटालियन सिनेमा लावला होता. थोड्या वेळानं पाहते तर पेपर मांडीवर आणि बाबांची नजर टीव्हीवर.

"हे लोक मिलचे वाटून राहिले मले," ते म्हणाले. "हात पाहा ना त्याइचे."

मिलमध्ये तोंडानं बोलण्यात अर्थच नव्हता. क्रेनवाल्याला वर घे, थांब, डावीकडे ने, सगळं खालून हातानं सांगायचं. त्याच हातांनी हे लोक चहा मागवायचे, साहेबाला शिव्या घालायचे, कुणाच्या पोरीचं लग्न जमलं तेही सांगायचे. इटलीच्या सिनेमातली माणसं तशीच बोलतात. तोंड चालू असतं, पण निम्मी गोष्ट हातात असते. उरलेली निम्मी खाली इंग्रजीत लिहिलेली. बाबांना इंग्रजी बोलता येत नाही, वाचता मात्र चांगलं येतं. मशीनची पुस्तकं वाचून वाचून आलेलं. त्या सिनेमात एक म्हातारा बायकोशी खोटं बोलताना पकडला जातो. तिथं बाबा हसले, माझ्या आधी. कितीतरी वर्षांत ते कुणाच्या आधी हसले नव्हते. मी उठून आत गेले आणि उगाचच गॅसचा ओटा पुसत बसले.

तेव्हापासून मी या गटाच्या मागे लागले. त्यांनी सुचवलेल्यातलं निवडून निवडून घ्यायचे. ओळी आहेत ना, वाचून होईपर्यंत पडद्यावर थांबतात ना, चारजण एकदम तर बोलत नाहीत ना. असं चाळता चाळता एक मालिका सापडली. होड्या दुरुस्त करणारं घर, म्हातारा बाप, आणि काहीतरी जुन्या रागावरून बापाशी न बोलणारा थोरला मुलगा. बाबा तिच्यात असे गुंतले की सकाळी भाजी निवडताना मला विचारायचे, "तो पोट्टा बापाशी बोलन का गं?" मी म्हणायचे, शेवटचे भाग येऊ द्या, तेव्हा कळेल.

शेवटचे भाग आले ते हिंदीत. वर मोठ्या अक्षरांत जाहिरात, आता आपल्या भाषेत. मूळ आवाज काढून टाकलेला, आणि त्याच्यासोबत खालच्या ओळीही. आपल्या म्हणजे कुणाच्या भाषेत, हे विचारायला तिथं जागा नव्हती. बाबांना मी सांगितलं की अजून आले नाहीत, आणि गटात विचारलं की ओळींसकट कुठे मिळेल. वडिलांना ऐकू येत नाही, हेही लिहिलं.

उंटावरून शेळ्या हाकणारे किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. कॅनडातल्या एकानं लिहिलं, सबटायटलनं चित्राचा अपमान होतो, खरा रसिक खाली पाहतच नाही. एकीनं लिहिलं, इटालियन शिकून घ्या, सोपी आहे. बाई, ज्याला मराठी ऐकू येत नाही तो इटालियन शिकून काय करील? आणि त्या गट चालवणाऱ्या बाईनं फार प्रेमानं विचारलं, घरात त्यांना समजावून सांगणारं कुणी नाही का?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समजावून सांगणारे पुष्कळ आहेत. लग्नात आहेत, मयतीला आहेत, बँकेत आहेत. बाबांच्या कानाशी तोंड नेऊन अर्ध्या तासाच्या बोलण्याचं एक वाक्य करून सांगतात आणि वर उपकार केल्यासारखं पाहतात. मी लिहिलं, माझ्या वडिलांना सिनेमा पाहायचा आहे, सिनेमाचा निरोप नको आहे. तिनं उत्तरादाखल एक लाल बदाम पाठवला. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना बदाम पाठवता येतो.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा उन्हाळ्यात धाकटा भाऊ आला, बायको-पोरांना घेऊन. तो पुण्याला असतो, त्यामुळे त्याला सगळ्यावर उपाय माहीत असतात. बाबांनी त्याला मालिकेचं सांगितलं असावं, कारण संध्याकाळी त्यानं फोन टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "अगं ताई, हे तर कधीच आलंय. हिंदीत आहे. पोरांनाही कळेल."

"ओळी नाही त्याच्यात," मी म्हटलं. "बाबाले काय कळन?"

"किती ताणतेस. सगळे मिळून बसतोय, त्यातच त्यांना आनंद आहे."

बाबा आधीच आपल्या खुर्चीत येऊन बसले होते. चष्मा पुसून घातलेला. मालिका सुरू झाली आणि त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत खाली. मी मान हलवली. त्यांनीही हलवली आणि हातांकडे पाहत बसले. सुरुवातीला त्यातून बरंच कळलंही असेल त्यांना. मग तो प्रसंग आला. थंडीचे दिवस, उलटी पाडून ठेवलेली नाव, तिला टेकून बाप आणि थोरला मुलगा. दोघांचे हात कोटाच्या खिशात. आणि तो मुलगा बोलायला लागला. बराच वेळ बोलला. ज्याच्यासाठी बाबा इतके महिने थांबले होते, ते सगळं त्या बोलण्यात होतं. भावजय डोळे पुसायला लागली. भाऊ पुढे सरकून बसला. बाबा टीव्ही सोडून आमची तोंडं पाहत होते, एकेकाचं, आळीपाळीनं.

शेवटी म्हातारा काहीतरी खवचट बोलला आणि सगळे हसले. बाबाही हसले. सगळ्यांचं हसू संपत आलं तेव्हा.

मी रिमोट हिसकावून टीव्ही बंद केला.

"ताई, काय हे?" भाऊ म्हणाला. "आत्ता ते हसले. पाहिलं नाहीस का?"

"पाहिलं म्हणूनच बंद केला. कावून हसले ते विचार त्याइले. विचार ना. हा पोट्टा बापाले काय बोलला ते विचार."

तो चिडून उठला, बाबांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "बाबा, समजलं ना तुम्हाला? आवडलं ना?"

बाबा एरवी ओरडूनच बोलतात, स्वतःचा आवाज त्यांना येत नाही म्हणून. त्या दिवशी मात्र हळू बोलले.

"तुमी हसता तं मी बी हसतो. नाई हसलो का मंग तुमी बंद करता, अन् मले समजावत बसता. पोट्टे कंटाळून उठून जातात. मी एकटाच राहतो इथं." मग त्यांनी माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं. "लाव आता. मी बरोबर हसीन."