मोठ्या चाकांच्या शोधात: मुलुंड ते बोरिवली, मागच्या सीटवर बाबा

"पुढच्या टायमाक माका रिक्षा करून दी गो," शुक्रवारी हॉस्पिटलमधून येताना बाबा म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. घरची गाडी असताना रिक्षा? बाबाच्या मणक्यात कॅन्सर आहे. दहा दिवस रेडिएशन सांगितलंय, तीन झालेत, आणि ने-आण माझ्या गाडीतून. ही गाडी मी गेल्या गणपतीच्या जरा आधी हौसेने लो करून घेतली. छोट्या, कडक स्प्रिंगा टाकल्या, गाडी दीड इंच खाली. दिसते झकास, पण प्रत्येक खड्डा थेट मागच्या सीटवर पोचतो.

म्हणून ठरवलं, शनिवारी रेडिएशन नसतं तर मोठी चाकं बघून यायची. चाक मोठं झालं की गाडी उचलली जाईल, बाबाला धक्के कमी बसतील आणि लुकही राहील, असा माझा शहाणपणा. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना असंच वाटत असणार, म्हणून हे लिहितेय. बाबाला घरी एकटं कसं ठेवणार? तोही निघाला. दोन उशा, पेजेचा थर्मास, आणि मागे आडवा.

साडेनऊला मुलुंड सोडलं, हायवे मोकळा होता, अर्ध्या तासात घाटकोपर. दुकानदार गाडी बघून खूश. "सतरा इंची अलॉय चाकं टाका मॅडम, लोक वळून वळून बघतील." चार रिम आणि टायर मिळून सत्तर हजार.

"गाडी वर येईल ना पण?"

"वर कशी येणार? बाहेरून चाक तेवढंच ठेवायला लागतं, नाहीतर आत घासणार. रिम वाढली की रबर कमी." त्याने बोटं लावून दाखवलं. माझ्या टायरला चार बोटं रबर, त्याच्या टायरला तीन. आणि धक्का खातं ते रबरच. घ्या! तरी मोह सुटेना. बाबाला खुर्चीत बसवून मागची दोन चाकं चढवून बघितली. रिकामी गाडी अशी देखणी दिसली की मी फोटोसुद्धा काढले. मग बाबा मागे बसला, मी दुकानासमोरच्या खड्ड्यातून गाडी काढली आणि कर्रकन आवाज आला. टायर मडगार्डला घासला. "काकांना पुढे बसवा ना," दुकानदार म्हणाला. तेव्हा ट्रायल घेताना मागे माणसं बसवा, रिकाम्या गाडीवर भुलू नका. चाकं उतरवेपर्यंत मी बाहेर मसाला डोसा खाल्ला. बाबाने दोन चमचे पेज घेतली.

साकीनाक्याने नेहमीप्रमाणे तासभर खाल्ला. अंधेरीच्या दुकानातला पोरगेला माणूस म्हणाला, सोळाची घ्या, मडगार्डची कड आतून वळवून देतो, घासणार नाही. धक्क्यांचं विचारलं तर म्हणतो, "आराम पाहिजे होता तर लो कशाला केलीत?" असा राग आला! बरोबर बोलला म्हणूनच आला.

बोरिवलीत एक जुने गॅरेजवाले आहेत असं ऐकलं होतं. मरोळवरून आरेमध्ये शिरलो. सावली आहे, गर्दी कमी, पण पाड्यांजवळचे स्पीडब्रेकर म्हणजे टेकाडं. लो गाडीवाल्यांची एक पद्धत असते. मोठा ब्रेकर आला की मागचे उतरतात, गाडी हलकी होऊन पार जाते, मग परत बसायचं. मित्रांबरोबर आम्ही हे हसतखेळत करतो. मी ब्रेक मारला तर मागे दाराचा आवाज.

"थांब गो, माका उतरू दी."

काठी टेकत तो उतरलासुद्धा. रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई बघत होती. "म्हाताऱ्याला उतरवून गाडी जपतेस होय गं?" बाबाला परत बसवलं आणि पुढचे सगळे ब्रेकर गाडी घासत नेली. खालून पत्रा ओरडत होता. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

बोरिवलीच्या वाघमाऱ्यांनी चाकांकडे बघितलंच नाही. "मागे कोण बसतं?" एवढंच विचारलं आणि बाबाकडे बघून म्हणाले, "ताई, चाकं विसरा. कंपनीच्या स्प्रिंगा परत टाका." वापरलेल्या पण चांगल्या स्प्रिंगा, मजुरीसकट नऊ हजार, अडीच तास. गाडी उचलली. दिसायला वाट लागली.

परत येताना लिंक रोडच्या खड्ड्यांतून गाडी मऊ गेली. मी आरशात बघत विचारलं, "आता बरंय ना बाबा?"

"गाडी बरी झाली गो. पाठ तशीच आसा."

"धक्के नाहीत तरी?"

"ह्यां दुखणां गणपतीपासूनचां. गावाक जाताना बोललंय मां तुका. तूच म्हटलंस, गाडीमुळे दुखता म्हणान."

म्हटलं होतं. "लो गाडी आहे बाबा, सवय होईल." गाडीत सगळेच हसलो होतो. नंतर त्याने पाठ धरली की आम्ही गाडीला शिव्या घालायचो. बाबाला डॉक्टरकडे नेलं ते तो बिछान्यातून उठेना तेव्हा, सहा महिन्यांनी. पुढचे दोन महिने तपासण्यांत गेले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसून राहिले. बाबा मागून म्हणाला, "चल गो, जेवण करूचा आसा तुका."

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं, आम्ही लिहून दिलं होतं तसं दुखणं दोन महिन्यांचं नाही, आठ महिन्यांचं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदावरचा आकडा खोडून नवा लिहिला. मला एकच विचारायचं होतं, तेव्हाच आणलं असतं तर? बाबा शेजारी व्हीलचेअरवर बसून माझ्याकडेच बघत होता. मी नाही विचारलं.