गेनूभाऊंची तिसरी घंटा

सात वाजताचं नाटक सातला सुरू व्हावं असा आग्रह धरणारा आमच्या संगमनेरच्या रसिक मंडळात एकच माणूस होता. त्याला नाटकातलं काही कळत नाही, यावर आम्हा सगळ्या कळणाऱ्यांचं एकमत होतं. त्याचं नाव गेनूभाऊ. तो रंगमंचाच्या डाव्या विंगेत स्टुलावर बसायचा आणि घंटा द्यायचा.

गेनूभाऊ शाळेतले निवृत्त शिपाई. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा जुना पितळी टोल आणि त्याची लाकडी मोगरी अडगळीत गेली. मुख्याध्यापकांना रीतसर विचारून गेनूभाऊंनी ती उचलली आणि आमच्याकडे आणली. मी मंडळाचा कार्यवाह, कॉलेजात मराठी शिकवणारा, त्यामुळे आभारप्रदर्शन आणि पत्रव्यवहार ही दोन कामं माझ्या गळ्यात कायमची पडलेली. पहिल्या दिवशी गेनूभाऊंनी मला टोल कसा द्यायचा ते शिकवलं. "मास्तर, मनगट ढिलं ठिवायचं, पन मन न्हाई. भीतभीत दिली तर ती घंटा न्हाई, इनंती असती." मी मान डोलावली. मंडळात तेवढं मला उत्तम जमायचं.

आमचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत चालतो. चार नाटकं, दोन गाण्याच्या मैफली. तिकिटावर ठळक अक्षरांत वेळ छापलेली असते, सायंकाळी सात. ही वेळ छापण्यासाठी असते, पाळण्यासाठी नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नाटक सुरू होतं ते आमचे तहहयात अध्यक्ष आबासाहेब आले की. आबासाहेब एका मोठ्या संस्थेचे चेअरमन. त्यांना दर रविवारी तीन लग्नं, दोन दशक्रिया आणि एक उद्घाटन असतं, आणि या सगळ्यांतून कलेसाठी वेळ काढायचा म्हणजे आठ वाजतातच. आले की त्यांचा सत्कार, मग त्यांच्या हस्ते पाहुण्यांचा सत्कार, मग त्यांचे 'दोन शब्द'. ते दोन शब्द कधीच पंचवीस मिनिटांच्या आत संपले नाहीत. शाल मात्र आम्ही एकच वापरायचो. आबासाहेब ती मोठ्या मनाने खुर्चीवर विसरून जायचे आणि पुढच्या खेपेला तिच्याशीच त्यांची पुन्हा भेट व्हायची.

"पयली घंटा येनाऱ्यांची, दुसरी बसनाऱ्यांची," गेनूभाऊ म्हणायचे. "अन् तिसरी?" मी मुद्दाम विचारायचो. "तिसरी नाटकाची. पन आपल्याकडं ती आबासायबांची हाय."

हे मला विनोद वाटायचं. त्यामागे साडेनऊची एसटी होती हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

गेनूभाऊंचं गाव पठारावर. तिकडे जाणारी शेवटची मुक्कामी गाडी साडेनऊला सुटते. आमच्या मागच्या तीन रांगा पठारावरच्या लोकांनी भरलेल्या असत. शेतातलं काम उरकून, धुतलेले कपडे घालून ते सातच्या आधी येऊन बसायचे आणि सव्वानऊला, नाटक ऐन रंगात आलेलं असताना, पिशव्या सावरत उठायचे. आमची कार्यकारिणी पुढच्या रांगेतून मागे वळून बघायची आणि हळहळायची, "ग्रामीण भागात अजून रसिकता रुजली नाही." त्या उठणाऱ्यांत गेनूभाऊंची बायको शेवंताबाई असायची. आणि मध्यंतराची घंटा दुसऱ्या कुणावर सोपवून गेनूभाऊही मोगरी खुंटीला लावून तिच्यामागे निघायचे.

एकदा पठारावरच्या शाळेत मला परीक्षेच्या ड्यूटीला सकाळीच हजर व्हायचं होतं, म्हणून नाटक अर्धं टाकून मीही त्या गाडीत बसलो. गाडी नदी ओलांडून गेली तशी शेवंताबाई म्हणाली, "हं, सांगा आता. फुडं काय झालं?" आणि गेनूभाऊ सांगू लागले. सगळी गाडी कान देऊन ऐकत होती. कंडक्टर तिकिटं तशीच ठेवून दांडीला टेकून उभा होता. नाटकातला घर सोडून गेलेला भाऊ गेनूभाऊंनी परत आणला, तोही एसटीने. भांडणारी जाऊ त्यांनी दारात रडवली. मी ते नाटक पुण्यात पाहिलं होतं. त्यात भाऊ परत येत नाही आणि जाऊ शेवटपर्यंत खदखदून हसते.

उतरताना मी हळूच म्हणालो, "गेनूभाऊ, शेवट असा नाहीये."

"मला काय ठावं? मी तरी कुटं बगितलाय?" ते म्हणाले. "पन लोकास्नी अर्ध्या वाटंवर सोडायचं म्हंजी पाप हाय, मास्तर." मैफलींची मात्र त्यांना अडचण व्हायची. भैरवी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. मग ते सांगायचे, "शेवटाला बुवांनी समद्यांस्नी जेवून जा म्हनून सांगितलं."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पुढच्या बैठकीत विषय मांडायचा असं मी ठरवलं, आणि विषयपत्रिकेत तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घातला. आयती वेळ आली तेव्हा चहा आला, आणि माझा आवाज बशांच्या खडखडाटात गेला. खरं सांगायचं तर मी तो वर काढलाच नाही.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या नाटकाला गेनूभाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले. "मास्तर, हिचं म्हननं हाय, औंदा एक तरी शेवट खरा दावा. तुमचं आयकून लई झालं, म्हनती." मी म्हणालो, "आबासाहेब निघालेत. ते आले की लगेच द्या." ते स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

ठीक सात वाजता त्यांनी तिसरी घंटा दिली. काय आवाज होता! पुढच्या रांगेतल्या खजिनदारांच्या हातून शेंगदाण्यांची पुडी सुटली. पुण्याची नटमंडळी शिस्तीची. घंटा झाली म्हणजे झाली. पडदा वर गेला. मी विंगेत धावलो तोवर पहिलं वाक्य बोलून झालं होतं. आठला आबासाहेब आले तेव्हा सभागृहात काळोख होता. ते चाचपडत पुढे आले आणि तहसीलदारांच्या मांडीवर बसले. शाल, नारळ, दोन शब्द, सगळं माझ्या पिशवीत राहिलं.

सव्वानऊला पडदा पडला. मागच्या तीन रांगा जागच्या हलल्या नव्हत्या. नाटकातली मुलगी घर सोडून जाते आणि म्हातारा बाप शेवटी दाराला आतून कडी लावून घेतो. टाळ्या सर्वांत उशिरा थांबल्या त्या मागच्या. बाहेर पडताना शेवंताबाईने डोळे पुसले आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "चांगलं हुतं, मास्तर. पन ह्यांनी सांगितलं असतं तर पोरगी आनली असती माघारी." गेनूभाऊ एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

त्या आठवड्यात तातडीची बैठक झाली. एरवी कोरमसाठी माणसं शोधावी लागतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. गेनूभाऊंना खुलासा विचारण्यात आला. ते म्हणाले, "तिकिटाव सात छापलंय. छापलं कुनी? मास्तरांनी. मी मास्तरांचंच आयकलं." सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा मला चार शब्द बोलता आले असते. मी चष्मा पुसला. विजेची घंटा घ्यावी, तिचं बटण अध्यक्षांच्या खुर्चीजवळ असावं, असा ठराव एकमताने झाला. त्या एकमतात मीही होतो, आणि गेनूभाऊंना द्यायचं पत्रही मीच लिहिलं.

दोन दिवसांनी ते टोल आणि मोगरी घेऊन माझ्या घरी आले. "पत्र लई ग्वाड लिवलंय, मास्तर. दोनदा वाचल्याव कळलं, काढून टाकलंय म्हनून." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. टोल दाराशी ठेवून ते म्हणाले, "ठिवा तुमच्याकडं. कवातरी लागंल."

श्रावणात गेनूभाऊ गेले. सकाळी गोठ्यात काम करता करता बसले ते उठलेच नाहीत. मंडळाने शोकसभा घेतली. सभेची वेळ सात. आबासाहेब एका साखरपुड्यात अडकले होते. गेनूभाऊंचा हार घातलेला फोटो आणि आम्ही चाळीस माणसं एकमेकांकडे बघत पावणेदोन तास बसलो. आबासाहेब आले, आणि दिवंगतांच्या वक्तशीरपणावर बोलू लागले. सव्वानऊला शेवंताबाई पिशवी सावरून उठली. नवऱ्याच्या शोकसभेचा शेवटही तिला बघायला मिळणार नव्हता.

मी तिच्यामागे स्टँडवर गेलो. गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून विचारलं, "शेवटाला काय व्हनार हुतं, मास्तर?"

मी म्हणालो, "ठराव होणार होता. यापुढे तिसरी घंटा सातलाच."

ती हसली. "ह्यांच्यावानीच सांगता की." कंडक्टरने डबल बेल दिली आणि गाडी गेली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गेल्या रविवारी यंदाच्या मोसमाचं पहिलं नाटक होतं. आबासाहेब लग्नात होते आणि बटण त्यांच्या रिकाम्या खुर्चीजवळ होतं. मी घरून टोल आणला होता. डाव्या विंगेत तो टांगला, घड्याळात सात वाजले आणि मी मोगरी उचलली. अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत टोल दिला. जो काही आवाज निघाला, तो पहिल्या रांगेपर्यंत तरी पोचला की नाही कोण जाणे. नट माझ्याकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात सगळ्यात मागच्या रांगेतून बाईचा खणखणीत आवाज आला.

"मास्तर, घंटा द्या. इनंती नगं."

मी पुन्हा मोगरी उचलली.