चैत्रातल्या लांब बाह्या

ढोके गावात आले की सगळ्यात आधी स्वतःलाच टोचून घेत. चावडीसमोर सायकल लावायची, कॅरिअरवरचा पत्र्याचा डबा सोडायचा, स्पिरिटचा दिवा पेटवायचा. नाण्याएवढ्या तोंडाची एक दातेरी फिरकी त्यांच्याकडे असे, ती दिव्यावर धरायची, निवू द्यायची. मग जमलेल्या चार माणसांसमोर आपल्याच डाव्या दंडावर लशीचा थेंब टाकायचा आणि फिरकी दाबून गर्रकन फिरवायची. "पाहा बरं, मेलो का?" असं हसून विचारायचं, आणि मग पोरांना बोलवायचं. त्यांच्या दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत वण होते. ते लोकांना दिसावेत म्हणून ढोके कायम अर्ध्या बाहीचा सदरा घालत, आणि तो सदरा मी शिवत असे. मी त्या गावचा शिंपी.

आज मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. तेव्हा 'तो' म्हणत होतो, आणि गाव तर 'देवीवाला ढोक्या' म्हणत होतं. नागपूरची धम्मदीक्षा होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. ढोक्यांच्या घरानेही दीक्षा घेतली होती. राहायला दारव्ह्याला, नोकरी सरकारी, देवीची लस टोचण्याची, आणि हाताखाली वीसेक गावं. माझ्या दुकानात त्यांच्यासाठी एक वेगळी कपबशी कोनाड्यात ठेवलेली होती. ती मीच ठेवली होती. गावात दुसरा कोणी त्यांना चहाच देत नव्हता, त्यामुळे मी स्वतःला मोठा सुधारक समजत होतो. ढोके चहा पीत, कपबशी स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवत, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत.

माझं दुकान चावडीच्या अगदी समोर. मी सातवीची फायनल पास झालेला, आणि गावात पेपर यायचा तो माझ्याकडेच, दोन दिवस शिळा. संध्याकाळी पाटील, दोन-चार शेतकरी, देवळातले महाराज असे ओट्यावर बसत आणि मी मशीन थांबवून पेपर वाचून दाखवी. पेपरात नसेल तेही अधूनमधून घालत असे. "मास्तर सांगते म्हंजे खरंच असन," असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची. शिंप्याला आमच्याकडे मास्तरच म्हणतात, पण मला वाटे, मला ते जरा जास्त शोभतं.

ढोक्यांना मात्र खोटं बोलताच येत नव्हतं. पोराला कडेवर घेऊन आलेली एखादी बाई विचारी, "दुखन का वो?" ढोके म्हणत, "दुखन. दोन-तीन दिवसांनं ताप येईन. फोड येईन, खपली धरन, थे खपली काढू नोका." बाई आल्या पावली माघारी जाई. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, मुंगी चावल्यासारखं वाटेल म्हणून सांगा ना!" ते म्हणाले, "लटकं बोलून एका पोराले टोचता येते, मास्तर. गावाले नाही टोचता येत. दुसऱ्या पोराच्या वक्ताले थेच माय दार लावून घेते." मग ते त्या बाईच्या घरापर्यंत चालत जात, दाराबाहेर उकिडवे बसत आणि तेच सगळं पुन्हा सांगत, ताप येईल यासकट. बहुतेक वेळा ती बाई तयार होई.

एके दुपारी सदऱ्याचं माप देता देता मी सहज विचारलं, "काय हो, ही लस बनते कशाची?" ते म्हणाले, "सांगतो. तुमी वाचनारे मानूस हा. रेडकाच्या पोटाची कातडी साफ करतेत, तिच्यावर ओरखडे पाडून हे औषद वाढवतेत. मंग थे काढून गाळून भरतेत." दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर त्यालाही त्यांनी हेच सांगितलं असतं. पण विचारलं मी होतं.

आणि मी काय केलं? त्याच संध्याकाळी ओट्यावर सगळे जमलेले, पेपरात धड काही नव्हतं, तेव्हा मी आवाज बारीक करून म्हणालो, "त्या लशीत काय असतं, माहीत आहे का?" माझ्या ओठांवर रेडकू आलं होतं, देवाशपथ. पण रेडकाने कोणाचे कान टवकारले असते? मी म्हणालो, "वासरू. गाईचं वासरू." पाटलांच्या हातातली चिलीम तशीच राहिली. इतकं लक्ष देऊन मला त्याआधी कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं.

महिनाभरात त्या वासराला शिंगं फुटली. कोणी म्हणे नागपूरला रोज शंभर वासरं कापतात. कोणी म्हणे, यांनी आपले देव सोडले, आता सगळ्यांना बाटवून एक करायचं आहे, म्हणून तर टोचायला यांचाच माणूस धाडला. दंडावरची खूण मिलिट्रीत न्यायच्या माणसांची आहे, असंही निघालं. पोरींना पुढे लेकरं होणार नाहीत, हेही त्यात आलं. राळेगावकडचे एक पाहुणे माझ्याच ओट्यावर बसून मला सांगायला लागले, "मास्तर, माह्या साळ्यानं डोयानं पाह्यलं, वासरू टांगेल होतं!" माझंच वासरू मला परत विकत होते लेकाचे, आणि मी "अस्सं?" म्हणून मान डोलवत होतो. त्या वेळी "अहो, ती थाप मीच मारली" एवढं म्हणायला काय लागलं असतं? हसले असते चार लोक. बस्स, एवढंच झालं असतं.

ढोके पुढच्या खेपेला आले तर चावडीसमोर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी स्वतःला टोचून घेतलं, ते पाहायलाही कोणी थांबलं नाही. सायकलीची हवा कोणीतरी सोडली. नदीकडच्या वस्तीतल्या, दीक्षा घेतलेल्या घरांनी तेवढी आपली पोरं टोचून घेतली. जाताना ते माझ्या दुकानात आले, उभ्या उभ्या म्हणाले, "एकच पुसतो, मास्तर. रेडकाचं वासरू कोनं केलं?" मी मशीनचं चाक फिरवत राहिलो. सुईत दोराही नव्हता. ते सायकल हाताने ढकलत निघून गेले.

आता याच्यापुढचं सांगताना माझी मान वर होत नाही. त्या वर्षी आर्णीकडे देवीची साथ आल्याचं पेपरात होतं. ती बातमी मी ओट्यावर वाचली नाही. माझी सुमन तेव्हा पाच वर्षांची. दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून मी तिला एसटीने दारव्ह्याला नेलं, ढोक्यांच्या खोलीवर. त्यांनी काही विचारलं नाही. तिला गुळाचा खडा दिला, दुखेल म्हणून सांगितलं आणि टोचलं. निघताना माझा हात धरून म्हणाले, "एक करा मास्तर. पोरीचा दंड झाकू नोका. तुमच्या पोरीचा दंड पाह्यला तर धा माया आपल्या पायानं येतीन." मी म्हणालो, "हो, हो." घरी येऊन त्याच दिवशी तिच्या झग्याला मनगटापर्यंत बाह्या लावल्या.

आणि मग गंमत पाहा. आठवड्याभरात पाटलांच्या घरून नातवांची मापं आली. "मास्तर, बाह्या जराशा लांब ठेवजा." मग देवळातल्या महाराजांच्या पुतण्यांची. मग किराणा दुकानदाराच्या पोरीची. चैत्राचं ऊन भाजून काढत होतं, मोठी माणसं उघड्या अंगाने बसत होती, आणि मी अकरा पोरांच्या लांब बाह्या शिवल्या. दारव्ह्याच्या एसटीत कोण कोण बसून आलं, ते मला मापावरून कळत होतं. संध्याकाळी हीच मंडळी ओट्यावर बसून वासराच्या नावाने बोटं मोडत. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

सगुणा त्याच दिवसांत आली. ही आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, नवरा वारलेला, कापूस वेचायला, निंदायला जाणारी बाई. तिला एकच मुलगी, दुर्गी, माझ्या सुमनच्या बरोबरीची. फाटकं पोलकं शिवायला म्हणून आली होती, पण ओट्याखाली उभीच राहिली. "मास्तर, तुमी पेपर वाचता. तिकडं देवी आली म्हंतेत. टोचू का पोरीले? तुमी म्हनसान तसं करतो." पाटील समोरच बसले होते. आत माझी सुमन बाहीवरून खपली खाजवत होती, तिला तिची आई रागावत होती, ते मला ऐकू येत होतं. मी म्हणालो, "मी काय सांगू बाप्पा? आपण तर नाही टोचून घेतलं."

"मंग नाहीच टोचत," सगुणा म्हणाली. बरं वाटलेलं दिसलं तिला. मी पोलकं शिवून दिलं.

वैशाखात देवी आमच्या गावात आली. पहिल्या आठवड्यात सात घरं धरली, सगळी गरिबाची. नदीकडच्या वस्तीत एकही पोर आजारी पडलं नाही, तर लोक म्हणाले, "पाहा! त्यायनंच धाडली. सोता औषद घेऊन बसले आन् आपल्याकडं सोडून देली." लांब बाह्यांतली अकरा पोरं गावात धडधाकट खेळत होती, त्यांचं नाव कोणी काढलं नाही. दुर्गी नवव्या दिवशी गेली. तिच्या दारात जायला शेजारीपाजारीही भीत होते. दारव्ह्याहून ढोके आले आणि तिला उचलायला त्यांनीच हात लावला. सगुणाने लावू दिला.

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव चावडीसमोर उभा. वासरू नाही, बाटणं नाही, मिलिट्री नाही, काही नाही. आणि रांग लावायला पुढे कोण? मी! "धक्काबुक्की करू नका, लहान पोरं आधी," असं मी ओरडत होतो. ढोके सकाळपासून दिवस कलेपर्यंत टोचत होते, प्रत्येकाला "दुखन" म्हणून सांगत होते. काम आटोपल्यावर डबा बांधून ते दुकानात आले. मला वाटलं, आता शिव्या देतील. खरं तर द्याव्यात असंच वाटत होतं. ते म्हणाले, "सगुनाबाईले तुमी सांगा. सुमनले टोचलं होतं म्हनून सांगा. माह्या तोंडून गेलं तर तिले वाटन, ढोक्या दावा साधून राह्यला. तुमच्याच तोंडून गेलं पायजे."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी ते आले, स्वतःला टोचून घेतलं, गावाला टोचलं, आणि जाताना दुकानाशी थांबून विचारलं, "सांगतलं का?" मी म्हणालो, "कापसाचे दिवस आहेत, भेटत नाही ती." त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालो, "आता कुठे सावरली आहे, कशाला जखम उकरायची?" तिसऱ्या वर्षी नुसताच हसलो. प्रत्येक वेळी ते "बरं" म्हणत आणि सायकलवर बसत. चौथ्या वर्षी त्यांनी विचारलंच नाही. सदऱ्याचं माप दिलं, राम राम नाही, जय भीम म्हणाले, आणि गेले. विचारत होते तोवर मला त्यांचा राग येत असे. विचारायचे थांबले, तेव्हा मात्र रात्र रात्र झोप लागेना. तरी मी गेलो नाही. सगुणाचं घर माझ्या दुकानापासून पन्नास पावलांवर होतं.

मग एका सकाळी एसटीच्या कंडक्टरने पेपर टाकता टाकता सांगितलं, "मास्तर, थे तुमचे ढोके गेले ना. परवा. छातीत दुखलं म्हंतेत." मी पेपर तसाच ठेवला. दुकान उघडं टाकून पन्नास पावलं चालत गेलो.

सगुणा अंगणात ज्वारी पाखडत होती. तिचे केस पिकले होते, तेही मी त्याच दिवशी नीट पाहिलं. मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. ढोके गेले, रेडकाचं वासरू मी केलं, सुमनला मी टोचून आणलं होतं, आणि तुला मी खोटं सांगितलं.

तिचं सूप थांबलं नाही. म्हणाली, "मले माहीत हाये."

"ढोक्यांनी सांगितलं?"

"ना बाप्पा. थे कायले सांगतीन. दुर्गी गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात तुमची सुमन आपल्या मायसंगं अडाण नदीच्या डोहावर आली होती. बाह्या घालून कोनी आंग धुते का, मास्तर?"

मी तिच्या दारात खाली बसलो. इतकी वर्षं ही बाई माझ्याकडून पोलकी शिवून घेत होती. "मग बोलली का नाहीस ग?"

"ढोके दरसाल येऊन पुसत, मास्तर येऊन गेले का म्हनून," सगुणा म्हणाली. "मी म्हनो, येतीन. गेल्या खेपेपावतर थेच सांगत होती मी त्यायले. येतीन म्हनो. मानूस वाईट नाही, येतीन."