हेडफोनमधले शूर

माझा नवरा शनिवारी दुपारी जेवून उठला की युद्धावर जातो. हात पुसतो, हॉलचा पडदा ओढतो, पंखा वाढवतो, कानाला हेडफोन लावतो आणि सोफ्यावर मांडी घालून बसतो. टीव्हीवर कुठलं तरी उद्ध्वस्त शहर येतं, आणि विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघणारा, पोट सुटलेला, पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस "कव्हर दे, मागून येतायत" असं ओरडायला लागतो. मागून कोणी येत नसतं. मागे मी कपड्यांच्या घड्या घालत असते.

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत असे बरेच योद्धे आहेत. सकाळी लिफ्टमध्ये पोट आत घेऊन, डबा हातात धरून उभे असतात. वॉचमनने गेट उघडायला उशीर केला तर त्याला काही बोलायची छाती होत नाही, घरी येऊन बायकोला सांगतात. संध्याकाळी हेच लोक टोपणनावं घेऊन बंदुका चालवतात. वसई-विरारच्या खेळणाऱ्यांचा त्यांचा एक ग्रुप आहे. त्यात कोणी वाघ आहे, कोणी वादळ, कोणी यमदूत. खरं नाव कोणी विचारत नाही, कारण खऱ्या नावात काही दम नाही हे सगळ्यांनाच माहीत असावं.

हे मी खेळ कळत नाही म्हणून बोलत नाही. या बाबतीत नवऱ्यापेक्षा मला जास्त कळतं, आणि ते त्याला आवडत नाही.

माझं माहेर वटार गावचं. वाडीत भाजी निघायची ती आई नालासोपाऱ्याला स्टेशनबाहेर बसून विकायची. शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचे आणि संध्याकाळी आम्ही दोघी एकाच बसने परत यायचो. आई बसायची त्याच्या बरोबर मागे एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे पत्र्याचा गाळा, आत चार मशिनं, एक बंद पडलेला पंखा आणि घामाचा वास. त्या गाळ्याबद्दल मला उमाळा वगैरे येत नाही. माझ्या वयाचे लोक हल्ली त्या दिवसांबद्दल असं बोलतात, की जणू ते गुरुकुलात शिकत होते. होतं काय तिथे? भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या होत्या, आणि एक मालक होता, जो नाणं अडकलं की ते गिळून टाकून "मशीनने खाल्लं" म्हणायचा.

पण मी तिथे खेळायचे, आणि चांगली खेळायचे. मारामारीचा खेळ. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर, खाली एक दांडा आणि सहा बटणं तुझी, एक दांडा आणि सहा बटणं त्याची. ज्याच्याशी लढायचं तो इंटरनेटवर कुठे तरी नसायचा, खांद्याला खांदा लावून शेजारी उभा असायचा. त्याचा श्वास ऐकू यायचा. हरलास की बाजूला व्हायचं, तेही मागे उभ्या असलेल्या दहा जणांच्या देखत. "बटण दाबलं जात नाही" अशी सबब सांगितली तर मालक येऊन तेच बटण दाबून दाखवायचा. कोपऱ्यात बसून नुसता पायावर लाथा मारत राहिला तर मागचे ओरडायचे, "उभा राहून खेळ ना." नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडून कोणी तिथे फार काळ टिकत नव्हता.

भुईगावचा एक मुलगा होता, बारावीत असेल. सायकलने यायचा, सायकलच्या कॅरिअरवर कधी कधी केळीच्या पानांची गुंडाळी असायची. त्या गाळ्यात तो सगळ्यात भारी. मी त्याला हरवायला लागले तेव्हा पहिल्यांदा तो हसला, मग हसायचा बंद झाला. एक दिवस त्याची उरलीसुरली शक्ती मी एका उडीत संपवली आणि मागचे सगळे खिदळले. त्याने दांड्यावर हात आपटला आणि माझ्या आईवरून शिवी दिली. साधी नव्हे, चांगली लांबलचक.

त्याला माहीत नव्हतं की माझी आई भिंतीपलीकडेच बसली आहे. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू जायचं. ती मेथीवर पाणी मारत होती, तशीच ओल्या हाताने उठून आत आली.

"कोन बोलला?" तिने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. आईने त्याच्या कानाखाली वाजवली. पाण्याचे थेंब माझ्याही तोंडावर उडाले.

"मी हितं भाजी इकते," ती म्हणाली. "तुला काय बोलाचं तर माझ्यासमोर येऊन बोल. पोरीला कशाला सांगतं?"

तो गाल धरून उभा राहिला. आई माझ्याकडे वळली. मला वाटलं आता घरी ओढून नेणार. ती म्हणाली, "तुझा खेल झाला का? नसल तर खेल. सहाच्या बसने जायचंय." आणि भाजीकडे गेली.

तो काही दिवस आला नाही. मग आला, माझ्याकडे न बघता शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "चल." आम्ही खेळलो. तो सुधारला वगैरे अजिबात नाही. शिव्या तशाच द्यायचा, फक्त तोंड उघडायच्या आधी एकदा दाराकडे बघायचा. त्या खेळाचा परिणाम काय झाला असं कोणी मला विचारलं तर मी एवढंच सांगू शकते. पेपरात लिहितात तसं हिंसा वगैरे आम्ही काही शिकलो नाही. पडद्यावर लोकांची मुंडकी उडत होती, पण नालासोपाऱ्यात कोणी कोणाचं मुंडकं उडवायला गेलं नाही. शिवीला पत्ता असतो, एवढं मात्र त्या पोराला कळलं.

आता नवऱ्याच्या युद्धाकडे येते.

मागच्या पावसाळ्यानंतर त्याचा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी महिनाभर हेडफोन लावू नका म्हणून सांगितलं. खेळ बंद करा असं सांगितलं नाही, त्यामुळे युद्ध चालू राहिलं आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरवर आला. तोवर मला फक्त एकाच बाजूचं बोलणं ऐकू यायचं. आता वाघ आणि यमदूत सगळेच हॉलमध्ये येऊन बसले. आणि काय काय बोलत होते! मरायचे ते स्वतःच्या चुकीने, पण दर वेळी दोष दुसऱ्याचा. "नेट स्लो झालं." "तू रिव्हाइव्ह नाही केलंस." मेल्यावर दहा सेकंदात पुन्हा जिवंत होऊन तोंड चालू. हरण्याची लाज वाटायला थोडा तरी वेळ मिळावा लागतो, तो या खेळात कोणाला मिळत नाही.

त्या शनिवारी सासूबाई कोकणातून आल्या होत्या. जेवून आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, दार उघडं होतं. हॉलमध्ये नवरा कुठल्या तरी गच्चीवरून खाली पडून मेला आणि स्पीकरमधून त्यांच्या टीममधला एक जण सुरू झाला.

"म्हणजे कसंय ना," तो म्हणाला, आणि पुढे नवऱ्याच्या आईवरून जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. नवरा नुसता "हो रे, सॉरी रे" म्हणत होता.

मला शिवीचं नवल वाटलं नाही. "म्हणजे कसंय ना" ऐकून माझ्या हातातली घडी थांबली. नाकातून निघणारा तो आवाज मी दर महिन्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकते. म्हणजे कसंय ना, टँकर वेळेवर येत नाही. म्हणजे कसंय ना, बाल्कनीत कुंड्या ठेवू नका. आमचे सेक्रेटरी. शेजारच्या विंगमध्ये राहतात, मला वहिनी म्हणतात आणि बोलताना दोन्ही हात जोडतात.

मी उठले, नवऱ्याच्या हातातल्या खेळाच्या रिमोटजवळ वाकले, कारण माइक त्याच्यातच असतो, आणि म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, उद्या टँकर किती वाजता येणार आहे?"

पडद्यावर रस्त्याच्या मधोमध एक सैनिक पुतळ्यासारखा उभा राहिला. कोणी तरी येऊन त्याला आरामात गोळी घातली.

नवरा माझ्यावर चिडला. "तू मॅच घालवलीस."

"अहो, तो तुमच्या आईला शिव्या देत होता."

"गेममध्ये असतं ते. मनावर घ्यायचं नसतं."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. केस सुटलेले, डोळ्यांवर झोप. त्यांनी हॉलभर बघितलं, कोणी दिसलं नाही, तेव्हा मुलाला विचारलं, "कोण आलं होतं रे? माझ्यावर एवढा का चिडला होता? मी काय केलं त्याचं?"

नवऱ्याने त्यांना काय सांगावं? म्हणाला, "टीव्हीवर होतं आई, सिनेमा." त्या सावकाश सोफ्यावर बसल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसत होतं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, माझ्या येण्याने तुमच्याकडे कोणाला त्रास होतो का. त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजही उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. त्यांनी हात जोडले नाहीत, मजल्यांचे आकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस तो खेळ सोडेल, नाही तर निदान येऊन दोन शब्द बोलेल. मी मूर्ख. आठवड्याभरात तो नवं टोपणनाव घेऊन ग्रुपमध्ये परत आला. नवऱ्याने आवाज ओळखला, आणि गंमत म्हणजे त्याला आनंद झाला. "अगं, नेम भारी आहे त्यांचा. आणि एकाच बिल्डिंगमध्ये आहोत, वायफायचं बघून घेता येईल." आता दोघं एका टीममध्ये खेळतात. एकमेकांना शिव्या देत नाहीत. दोघं मिळून तिसऱ्याला देतात, आणि त्या तिसऱ्यालाही कुठे तरी आई असेलच.

दिवाळीनंतर सेक्रेटरी सहकुटुंब आमच्याकडे चहाला आले. ज्या सोफ्यावर सासूबाई त्या दिवशी बसल्या होत्या त्याच सोफ्यावर बसून त्यांनी साखर कमी सांगितली. मी चहा दिला. थुंकले नाही त्यात, एवढं माझं संस्कारी घर.

त्यांची बायको माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. शांत बाई आहे, साधं माणूस. कप उचलता उचलता म्हणाली, "घरात आमच्याशी हे एक शब्द बोलत नाहीत हो. मुलीचं काही विचारायला गेलं तरी हूं म्हणतात. तुमच्याकडे आले की कसे मोकळे होतात."

मी म्हणाले, "आम्ही ऐकलंय त्यांचं बोलणं."

तिने कप तसाच ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मीही ऐकते," ती म्हणाली. "आमच्या भिंती काही जाड नाहीत."

बाहेर दोघं जण नव्या बंदुकीबद्दल बोलत होते. आम्ही दोघी तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिलो आणि आमचा चहा उभ्याउभ्याच प्यालो.