येते

कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर बसायची. साताऱ्याहून दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आखातात आलेली तेविशीची पोर. जबल अलीच्या वेअरहाउसमध्ये ती मालाची लेबलं तपासायची आणि बसमध्ये माझं मराठी. "काका, 'माझी मदत केली' काय? 'मला मदत केली' म्हणा." मला राग यायचा, आणि चूक माझीच असायची.

संध्याकाळी ऊद मेथाच्या स्टॉपवर उतरताना ती ड्रायव्हरला सांगायची, "भाईजान, येते." निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, हे पेशावरच्या त्या दाढीवाल्या गृहस्थाला कुठून ठाऊक असणार? त्याला वाटलं, येते म्हणजे मराठीतलं खुदा हाफिज. मग तोही उतरणाऱ्या प्रत्येकाला गंभीर चेहऱ्यानं "येते" म्हणू लागला. लेबलावरचं एक टिंबही न सोडणारी ही पोर त्याला मात्र कधी दुरुस्त करायची नाही. एकदा विचारलं, तर म्हणाली, "राहू दे ना काका. किती प्रेमानं म्हणतात."

गेल्या गुरुवारी तिचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं. उतरताना ती बॅग छातीशी धरून दारात थांबली. परत तर ती येणार नव्हती, आणि 'जाते' म्हणायला जीभ रेटेना. ड्रायव्हरनं थोडी वाट पाहिली. मग तोच हळू म्हणाला, "येते, बेटा."

ती मान हलवून उतरली.

बाप्या माणूस असून काल उतरताना मीही त्याला "येते" म्हणून गेलो. पुढच्या सीटवरून चूक काढायला कुणी नव्हतं.